आपोआप लागणारे दिवे

स्लाविशाचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या बॉयलरखाली उताणा पडलो होतो, दातांत टेस्टर धरून. उचलला नसता तरी चाललं असतं. पण व्हिएन्नाचा नंबर दिसला की आमच्या गावात कुणाच्याही हाताला राहवत नाही.

"काका, काल पुन्हा तेच," तो म्हणाला. त्याच्या मागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर चालू होती. "हॉलचा दिवा, मग जिन्याचा, मग वरचा पॅसेज, मग गच्ची. मग बंद. मग परत चालू. गुडघे गेलेली बाई दिवसभर जिना चढते-उतरते की काय?"

"अरे, मागच्या खेपेला मी दिव्यांचं मॉड्यूल बदललं ना..." मी टेस्टर दातांत धरूनच बोललो.

"मॉड्यूल राहू द्या हो. मला इथं फोनवर स्पष्ट दिसतं, भिंतीवरचं बटण दाबलं गेलं म्हणून. घरात आई एकटी. मग दाबतं कोण? तिला विचारलं तर म्हणते, मी वर जातच नाही. गच्चीचा दिवा कुणी लावला विचारलं तर हसते. ‘कुणी म्हणजे? लबाडा!’ म्हणते. काका, माझ्या अंगावर काटा आला."

मी टेस्टर तोंडातून काढला.

"आणि तुम्ही गेलात की दिवे गप्प. तुम्ही निघालात की सुरू. म्हणजे कुणी बघत असलं की ती सांभाळून असते. इथल्या डॉक्टरला सांगितलं मी सगळं. तो म्हणाला, याची सुरुवात अशीच होते." मिक्सर थांबला आणि त्याचा आवाज एकदम उघडा पडला. "रविवारी गाडी घेऊन येतोय. इथं एका वृद्धाश्रमात जागा मिळालीय. बाग आहे, आपली भाषा बोलणारी एक नर्स आहे. तुम्हाला वायरिंगमध्ये काही सापडायचं असेल तर आता सापडू दे. नाहीतर मी तिला घेऊन जातो."

मी साठीचा माणूस. कंबर धरलेली, घरी बायको लोणच्यासाठी कोबी चिरून माझी वाट बघत बसलेली, कारण पिंपात दाबायला मी लागतो. पण एखाद्याची आई वेडी आहे की वायर, हे ठरवायची वेळ आली की कोबीचं नाव काढता येत नाही. हत्यारांची पेटी गाडीत टाकली आणि निघालो.

आमच्या खोऱ्यात ज्याला त्याला राजवाडा बांधायची खोड आहे. पोरं व्हिएन्नाला, झ्युरिकला घामाघूम होतात आणि इथं फाटकावर सिंह बसवतात. स्लाविशाच्या फाटकावर दोन आहेत, शिवाय दारात खांब, वर गच्ची, गच्चीला संगमरवरी कठडा. दिव्यांची ती नवी यंत्रणा त्यानं बाप ट्रायलोच्या वर्षश्राद्धानंतर बसवून घेतली, शहरातली दोन पोरं येऊन लावून गेली. फोनवरून दिवे लावा, फोनवरून विझवा, आई उठली का, निजली का, ते बघा. ती पोरं गेली आणि निस्तरायला मी राहिलो.

स्लाविशाची आई, स्तामेनामावशी, सिंहाजवळ उभी होती. डोक्याला सणासुदीचा रुमाल, हातात चाव्यांचा जुडगा.

"आलास? ये. बूट काढ हं बाबा."

बूट काढले. हॉलमध्ये श्वास सोडला तर वाफ दिसत होती. सोफ्यावरचं प्लॅस्टिक अजून तसंच, कारखान्याच्या चिकटपट्टीसकट.

"हीटिंग बंद आहे का मावशी?"

"आत्ताच बंद केलं," ती म्हणाली. "जरा हवा खेळू दे म्हटलं."

नोव्हेंबरात हवा खेळू द्यायची! मी मेन स्विच पाडला आणि बोर्ड उघडला. सगळे स्क्रू आवळले, न्यूट्रल तपासला, भिंतीतली बटणं एकेक करून काढली, पुसली, परत बसवली. वर गेलो, खाली आलो. मेन चालू केला की सगळे दिवे एकदा लुकलुकायचे, कारण यंत्रणा जागी होते, आणि मग शहाण्यासारखे उभे राहायचे. परत मेन पाडला, दुसरी पेटी उघडली. परत लावला. काही नाही. मावशी जिन्याच्या पायथ्याशी एका हातानं कठडा धरून उभी. बस म्हटलं तर सोफ्याकडे बघून नको म्हणाली.

दुपार कलली तशी माझी सहनशक्ती संपली. शिडीच्या पायरीवर बसलो. गुडघे बोलत होते, बोटं गारठली होती आणि हातात दोष म्हणून दाखवायला एक सैल स्क्रूसुद्धा नव्हता.

"मावशी," मी म्हणालो, "खरं सांग. तू दाबतेस का गं बटणं? दाबत असशील तर माझी काही हरकत नाही. मी स्लाविशाला सांगतो वायर खराब होती म्हणून. पण मला तरी खरं सांग, म्हणजे मी घरी जातो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मला फाटकाबाहेर काढणार.

"म्हणजे तुलाही तसंच वाटतं."

"मला काही वाटत नाही. मला थंडी वाजतेय."

"स्लाविशा म्हणतो, आई, हिवाळ्यापुरती चल. हिवाळ्यापुरती म्हणे! मला काय कळत नाही?" तिनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "तिकडे माझं कोण आहे? तो दिवसभर कामावर. शनिवारी ट्रायलोच्या थडग्यावर मेणबत्ती कोण लावेल? मेणबत्ती नसली तर तिथं अंधारात बसेल की तो. मला नाही जायचं रे नोवित्सा. तू काहीतरी शोध. नसेल सापडत तर एखादी वायर तोडून दाखव त्याला, पण शोध."

म्हातारी माणसं रडली की मला राग येतो, कुणावर ते कळत नाही. मी उठलो.

"आधी कॉफी दे. जिथं ऊब असेल तिथं."

"इथंच करते की, स्वयंपाकघरात..."

"मावशी, माझी आई मरेपर्यंत घरामागच्या, उन्हाळ्यापुरत्या स्वयंपाकघरात राहिली. माझी सासू अजून राहते. चल."

ती पोरीसारखी लाजली. मग पुढं झाली, घरामागं, कोंबड्यांच्या खुराड्याला वळसा घालून, त्या बुटक्या खोलीकडे. आमच्याकडे असंच आहे. पोरगा राजवाडा बांधतो आणि आईबाप तो मळू नये म्हणून मागच्या खोलीत राहतात. अख्ख्या गावाला माहीत असतं. ज्यानं बांधला त्याला सोडून.

आत गेल्यावर चष्म्यावर धुकं धरलं. लाकडाची चूल, चुलीवर घेवडा शिजत ठेवलेला, त्यात डुकराच्या बरगड्या. भिंतीशी खाट, खाटेवर मांजर, खाटेच्या वर ट्रायलोचा फोटो. कोपऱ्यात त्याच्याच लग्नातला वाटावा असा जुनाट पेटीफ्रीझर. आणि खिडकीशी एक खुर्ची, तोंड मोठ्या घराकडे केलेली. तिनं मला दुसरी खुर्ची दिली, स्वतः त्या खुर्चीत बसली, कॉफीबरोबर छोट्या पेल्यात राकिया, घरची फळांची दारूही ओतली. मी दोन्ही घेतली आणि डोळे मिटले. बाहेर अंधारून येत होतं.

कोपऱ्यात फ्रीझरनं आचका दिला. कपबशी खुळखुळली. मोटार घूं करायला लागली.

"आला बघ कामावरून," मावशी म्हणाली.

मी डोळे उघडले. "कोण आला?"

"स्लाविशा." ती खिडकीबाहेर बघत होती. समोर राजवाड्याच्या गच्चीवर सगळे दिवे लागले होते, संगमरवर लोण्यासारखा पिवळा झाला होता. मावशीनं हात थोडासा वर केला, शेजारणीला करावा तसा. "रोज संध्याकाळी लावतो. ती यंत्रणा बसवली ना, तेव्हा त्यानं दाखवलं होतं मला. आई, मी व्हिएन्नातून तुझा दिवा लावू शकतो, म्हणाला. तेव्हापासून लावतो. दिवसासुद्धा लावतो कधी, सुट्टी मिळाली की. फोनवर मात्र कबूल होत नाही, मलाच विचारतो, गच्चीचा दिवा कुणी लावला म्हणून! लहानपणीपण असाच होता, लबाड."

"मग तू त्याला सांगत का नाहीस, मला दिसला म्हणून?"

"कसं सांगू? गच्ची घरातून दिसते का? दिसते ती इथून. त्याला कळलं असतं ना, मी इथं असते ते."

मी पेला खाली ठेवला. माझं डोकं तसं हळू चालतं, त्या दिवशी तर अगदीच बैलगाडी झालं होतं. पण कपबशी अजून खुळखुळत होती. मी उठून फ्रीझरचा प्लग काढला. घरघर थांबली. थोडा दम धरला आणि प्लग परत घातला. फ्रीझरनं आचका दिला आणि समोर जिन्याच्या खिडकीत दिवा लागला. परत काढला, परत घातला. पॅसेज. परत. गच्ची विझली.

"काय करतोस रे? मांस आहे आत," मावशी म्हणाली.

"हिला वीज कुठून आणलीय?"

"ट्रायलोनं आणली. मोठ्या घरातून."

"कशी? वायर कुठं दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच तर! भिंतीत पाइप आहेत ना, दिव्यांच्या बटणांचे, त्यातूनच ओढली त्यानं. दोन दिवस घाम गाळला. वर लटकती वायर दिसली असती तर स्लाविशानं विचारलं असतं, बाबा, मागच्या खोलीला कशाला वीज? मग काय सांगायचं? पोरानं एवढा महाल बांधला आणि आम्ही इथं? त्याला वाईट वाटलं असतं."

ट्रायलो, देव तुला क्षमा करो, मी नाही करणार. बटणांच्या बारीक तारांच्या पाइपातून त्यानं फ्रीझरची जाडजूड केबल घातली होती. जुनी बटणं होती तोवर त्यांना काही फरक पडला नाही. ही नवी यंत्रणा हळवी. जाड केबलला आचका बसला की शेजारच्या बारीक तारेत जराशी वीज उसळते, आणि यंत्रणेला वाटतं कुणीतरी बटण दाबलं. आणि मी शहाणा दर खेपेला कामाआधी मेन पाडायचो. मेनबरोबर फ्रीझर पडायचा. मेन लावला की यंत्रणा आणि फ्रीझर एकदमच उठायचे, त्या लुकलुकीत काय कळणार? मग हात धुऊन घरी. तीन खेपा मी दोष शोधत होतो आणि तीन खेपा आधी तोच बंद करत होतो.

"सापडलं का रे?" मावशीचा चेहरा उजळला होता. "सापडलं म्हणजे मला जायला नको ना?"

"नको. फ्रीझर आहे, मावशी. तो सुरू झाला की दिवे लागतात."

"कुठले दिवे?"

"सगळे. हॉल, जिना, गच्ची."

तिनं समोर बघितलं, मग फ्रीझरकडे.

"पण संध्याकाळचे स्लाविशा लावतो."

इथं मी गप्प बसायला हवं होतं म्हणणारे भेटतील. त्यांनी एकदा त्या शिडीवर दिवस काढून बघावा. गप्प बसलो असतो तर केबल तिथंच ठेवावी लागली असती, आणि रविवारी गाडी येणार होती.

"नाही मावशी. त्याच्या फोनवर सगळे बटणानं लागलेलेच दिसतात. त्यानं लावलेला एकही नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

मांजर खाटेवरून उतरलं. मावशी बराच वेळ ॲप्रनची घडी घालत बसली, उलगडायची आणि परत घालायची.

"म्हणजे इतके दिवस," ती म्हणाली, "मी रोज संध्याकाळी डुकराच्या मांसाला हात करत होते."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. तीही हसली, पण हसू तोंडापर्यंतच राहिलं.

स्लाविशाला मी तिथूनच फोन लावला. फ्रीझर म्हणताच तो एवढ्या मोठ्यानं रडला की मी फोन मावशीच्या कानाला न लावताही तिला ऐकू गेलं.

"म्हणजे तिचं डोकं ठीक आहे?"

"तुझ्यामाझ्यापेक्षा बरं आहे."

"देवा..." त्यानं नाक शिंकरलं. "पण काका, घरातला फ्रीझर तर नवा आहे. मीच घेतला. तो कसा..."

मी मावशीकडे बघितलं. तिनं हात पुढे केला आणि फोन घेतला.

"नवा रिकामा आहे," ती म्हणाली. "बंद आहे. मी मागच्या स्वयंपाकघरात असते, स्लाविशा. घर बांधलंस त्या दिवसापासून. तुझे वडीलपण इथंच होते. तिथं मला थंडी वाजते रे. आणि सोफ्यावर बसायची भीती वाटते, काही सांडलं तर."

त्यानं पलीकडे कुणाला तरी मिक्सर बंद करायला सांगितलं.

"मग मी कुणासाठी..." तो म्हणाला.

"रविवारी न्यायला येऊ नकोस."

"नाही येत."

"मला वाटायचं दिवे तू लावतोस."

"मला वाटायचं तू," तो म्हणाला. "सकाळी हॉलचा लागला की म्हणायचो, आई उठली. मग मचाणावर चढायचो. नाही लागला तर खाली थांबायचो, मुकादम शिव्या द्यायचा." मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो आई. माल आलाय."

मावशीनं फोन मला परत दिला, ॲप्रनच्या टोकानं पुसून.

उरलेलं काम सोपं होतं, म्हणजे फक्त पाठ मोडणारं. केबल पाइपातून ओढून काढली. नवी केबल बाहेरून घ्यायची म्हटलं तर ती पांढऱ्या भिंतीवरून, खांबाला वळसा घालून जाणार होती, काळी, सगळ्या गावाला दिसेल अशी. मी मावशीला विचारलं.

"दिसू दे," ती म्हणाली. "आता काय राहिलंय लपवायचं?"

फ्रीझरच्या तोंडाशी एक छोटा कपॅसिटरही जोडला, त्याचे आचके तिथल्या तिथं गिळायला. प्लग घातला. घूं झालं. समोरचं घर काळंच. परत काढला, परत घातला. काळंच. इतक्या खेपांनंतर काम फत्ते झालं होतं आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

मावशीनं मला कागदात गुंडाळून खारवलेल्या मांसाचा तुकडा दिला. मग खिडकीजवळची खुर्ची उचलून चुलीशी नेली. खिडकीकडे पाठ करून बसली आणि घेवडा ढवळायला लागली.

"बरं आहे," ती म्हणाली. "डोळ्यांना त्रास व्हायचा नाहीतरी."

मी गाडीत जाऊन बसलो. किल्ली फिरवली नाही. तो काळा राजवाडा, ते दोन सिंह, मागे एवढीशी पिवळी खिडकी. घरी कोबी वाट बघत होती. मला कुणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं, मी इलेक्ट्रिशियन आहे, पाद्री नाही. मी स्लाविशाला फोन लावला.

"गच्चीचा दिवा लाव."

"का? पुन्हा काही झालं?"

"काही झालं नाही. लाव."

"काका, मी आत्ता ट्रकमधून विटा उतरवतोय, हात..."

"हात पुस आणि लाव. यंत्रणा बसवलीस ना एवढी? एकदा तरी स्वतः लावलास का दिवा, शहाण्या? तिला दाखवलंस, आई, मी व्हिएन्नातून दिवा लावतो. मग लावायला काय झालं होतं?"

त्यानं फोन बंद केला. माझ्यावर चिडला असावा. मी गाडी चालू करणार तेवढ्यात गच्ची उजळली, कठडा, खांब, सिंहांची ढुंगणं, सगळं पिवळं झालं.

मागचं दार धाडकन उघडलं. मावशी शाल सावरत, चिखलातून, लंगडत फाटकापर्यंत आली.

"नोवित्सा! अरे पळतोस कुठं! पुन्हा बिघडलं तुझं!"

मी काच खाली केली. "बिघडलं नाही, मावशी."

"अरे बघ की वर! फ्रीझर बंद आहे, मी प्लग काढून आले. मग कुणी..."

ती वर बघत राहिली. मग माझ्याकडे एकदाही न बघता ॲप्रनच्या खिशातून चाव्या काढल्या, मोठ्या घराची पायरी चढली, दोन्ही पाय एकेका पायरीवर टेकवत, आणि दार उघडून तशीच आत गेली, चिखलाच्या बुटांसकट.

हॉलची खिडकी उजळली. विझली. परत उजळली.

माझा फोन वाजला.

"काका!" स्लाविशाचा आवाज फाटला होता. "पुन्हा तेच! हॉलचा दिवा आपोआप लागतोय, बटण दाबलं म्हणून येतंय..."

"आपोआप नाही रे गाढवा," मी म्हणालो. "तुझी आई आहे."